बाल आणि जाल

९ मार्च, सोमवार

डॉक्टर म्हणाले, "टिपणीससाहेब, राग आला की बोलू नका, लिहून काढा. रक्तदाब उतरेल." म्हणून ही वही. आज पहिलाच दिवस, आणि राग सकाळपासून रांग लावून उभे आहेत.

पहिला मान इंटरनेटचा. वही माझीच असल्यामुळे ओळख देण्याचं कारण नाही, पण शिस्त म्हणून लिहितो: चंद्रकांत टिपणीस, एका सरकारी उपक्रमात दक्षता अधिकारी. उपक्रमाचं नाव लिहीत नाही, तीही दक्षताच. दोन वर्षांपूर्वी नागपूरहून कोलकात्याला बदली. ऑफिस न्यू टाउनला, बिऱ्हाड डमडमला, तिसऱ्या मजल्यावर. आज घरूनच दिल्लीच्या साहेबांबरोबर व्हिडिओवर मीटिंग होती. मी 'कार्यालयीन शिस्त' यावर बोलत असताना चित्र गोठलं. गोठलं तेही मी शिंकेच्या तयारीत असताना. डोळे मिटलेले, तोंड वासलेलं. सगळ्या देशाच्या दक्षता विभागाने ते बराच वेळ पाहिलं. मला त्यांचा आवाज मात्र व्यवस्थित येत होता. साहेब म्हणाले, "कोई टिपणीस को उठाओ."

माझी बायको मधुवंती पुण्याच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवते. तिचा अपूर्णांक आज अपूर्णच राहिला. संध्याकाळी मिरजेला आईला फोन लावला, तर तीही गोठली, हातात पोळी धरून. मधुवंती म्हणाली, "अहो, फायबर घ्या, नाहीतर मला तरी पुण्याला पाठवा."

फायबर घ्यायचं ठरलं.

१२ मार्च, गुरुवार

आलं एकदाचं. जोडणी करणाऱ्याने बाहेरून भिंतीला भोक पाडलं, ते आत मसाल्याच्या कपाटात निघालं. वायर हिंगाच्या डबीमागून डोकावली. शेवटी पेटी देवघराच्या वरच्या फळीवर बसली. चार हिरवे दिवे सतत लुकलुकतात. मधुवंती म्हणते, निरांजनाचं काम वाचलं.

मग तो म्हणाला, "वायफायेर नाम की देबो, दादा?" मी आधी शेजाऱ्यांची नावं पाहिली. एक 'सान्याल टू', एक 'माछ भात', एक 'आमाके जालियो ना', म्हणजे मला छळू नका. काय हा पोरकटपणा! नावात उद्देश दिसला पाहिजे. घरात दोन मुलं आहेत आणि बाहेरचं जग वाईट आहे. मी म्हणालो, "बाल सुरक्षा. बी, ए, एल."

तो थांबला. "बाल?"

"हां, बाल."

"शिओर, दादा?"

राजभाषा पंधरवड्यात सलग दोन वर्षं शुद्धलेखनाचं बक्षीस घेतलेल्या माणसाला हा प्रश्न! 'बच्चा' हा शब्द मला पहिल्यापासून बाजारी वाटतो. 'बाल' कसा तत्सम, सोज्वळ. त्याने टाइप केलं आणि त्याला खोकला लागला. जिना उतरेपर्यंत खोकत होता. या शहराची हवा खरंच बिघडली आहे.

आभा शाळेतून आली. वय बारा. फोनवर नवं नाव पाहून दप्तर पाठीवर तसंच ठेवून उभी राहिली.

"बाबा, हे कोणी ठेवलं?"

"मी."

"पूर्ण बिल्डिंगला दिसतं हे."

"दिसायलाच हवं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी जरा पाणी खाते," आणि आत गेली. बंगालीत पाणी खातात. दोन वर्षांत पोरीचं मराठी पार पातळ झालं. त्याचाही राग आहे, पण आजच्या पानावर जागा नाही.

१५ मार्च, रविवार

वेग म्हणजे काय वेग! मिरजेला आईच्या चष्म्यावरचा डाग दिसला. तो पुसायला सांगितला तर ती रागावली, तेही न अडखळता.

पण घरात एकदम शांतता झाली आहे. ऋषभ (वय आठ) तासन् तास एका माणसाला पाहतो, जो साबण कापतो. फक्त कापतो. मी त्याला ओरडायला गेलो आणि अर्धा तास उभ्याने पाहिलं. कापतो छान. तिथेच मला धोका कळला. साबणवाला येऊ शकतो, तर कुणीही येऊ शकतो. आपण वाड्याला मोठं फाटक बसवलं आणि वॉचमन ठेवलाच नाही.

म्हणून 'रखवाला' नावाचं ॲप घेतलं. ते प्रत्येक फोनवर बसून काय लिहिलं जातं ते तपासतं, जिथे राहता तिथल्या भाषेतले अपशब्दही ओळखतं, रोज अहवाल पाठवतं आणि फारच झालं तर फोनला कुलूप लावतं. ते मी चारही फोनांवर घातलं, माझ्यासुद्धा. कायदा सर्वांना सारखा. कुलूप उघडण्यासाठी 'जबाबदार प्रौढ' म्हणून माझं नाव दिलं. दुसरं नाव मागत होतं, तिथे मधुवंतीचं टाकलं. निव्वळ औपचारिकता.

त्याच उत्साहात बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शुद्ध हिंदीत, पण सर्वांना वाचता यावं म्हणून इंग्रजी अक्षरांत संदेश टाकला: "प्रिय परिवार, बाल सुरक्षा हम सबका कर्तव्य है. कृपया अपने अपने बाल पर ध्यान दें." उत्तरादाखल हसता हसता रडणाऱ्या चेहऱ्यांचा नुसता पूर आला. आनंदाश्रू. विषय लोकांच्या इतका जिव्हाळ्याचा असेल असं वाटलं नव्हतं.

१६ मार्च, सोमवार

पहिला अहवाल आला आणि हातातला चहा सांडला. "आपल्या घरात आक्षेपार्ह शब्द आढळला: b*l. वापर करणारा फोन: चंद्रकांत."

माझा फोन! माझ्या फोनवरून माझ्या घरात कुणीतरी शिव्या देतंय.

शब्द ॲपने सभ्यपणे झाकला आहे. बी, तारा, एल. बिल? बेल? बोल? यात आक्षेपार्ह काय? की हा परदेशी 'बुल' आहे, ज्याच्या पुढे साहेब लोक आणखी एक शब्द लावतात? तसं असेल तर प्रकरण गंभीर आहे.

चौकशी सुरू केली. पहिला साक्षीदार ऋषभ. कागदावर लिहून दाखवलं आणि विचारलं, "हा शब्द काय आहे?"

त्याने पाहिलं, ओठ आत घेतले. "सांगितलं तर मला शिक्षा होईल?"

"होईल."

"मग नाही सांगत."

साक्षीदार संशयास्पद.

१९ मार्च, गुरुवार

पाडवा. गॅलरीत गुढी उभारली. दोन वर्षांच्या सवयीने आता खालून कुणी "दादा, घटी उलटा हये गेछे" (तांब्या उलटा झालाय) असं ओरडत नाही. श्रीखंड घरचं.

अहवाल चालूच आहे. मी ग्रुपवर रोज एक सुविचार टाकतो. 'बाल देश का भविष्य है.' 'बाल को प्रेम से समझाएँ.' आणि रोज रात्री b*l माझ्याच फोनवर सापडतो. जो कुणी आहे तो मी लिहितो त्याच वेळेला लिहितो. धूर्त आहे.

खालच्या जिन्यात मुलं घोळक्याने जमतात, फोन वर धरतात, आमच्या वायफायचं नाव दिसलं की फोटो काढतात. बालसुरक्षेविषयी इतकी आस्था मी नागपुरात पाहिली नव्हती.

२२ मार्च, रविवार

आज दोन गोष्टी झाल्या. एक फार चांगली, दुसरी तितकीच वाईट.

चांगली आधी. आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी अनिमेष सान्याल आणि त्यांची चौऱ्याऐंशीची आत्या, जिला सगळे पिशिमा म्हणतात, संदेश नावाची इथली मिठाई घेऊन घरी आले. पोइला बोइशाखला, म्हणजे बंगाली वर्षाच्या पहिल्या दिवशी, अंगणात कार्यक्रम असतो. यंदा त्याचं निवेदन आभा करणार! बंगाली नसलेल्या मुलीला हा मान प्रथमच. पिशिमा म्हणाल्या, हिचं बंगाली ऐकलं की कान थंड होतात. आभा दारामागून ऐकत होती, नाकाच्या शेंड्यापर्यंत लाल झाली होती. भोपाळ झालं, नागपूर झालं. पोरीला मैत्रिणी मिळायच्या आणि माझी बदली यायची. इथे तिला पहिल्यांदाच कुणीतरी आपलं म्हटलंय. मला भरून आलं, हे इथे लिहायला हरकत नाही.

त्या भरात मी म्हणालो, "मीही त्या दिवशी दहा मिनिटं बोलीन. विषय: बाल आणि जाल. जाल म्हणजे अंतरजाल, इंटरनेट."

सान्यालबाबूंच्या घशात संदेश अडकला. पिशिमांना कमी ऐकू येतं, त्यांनी विचारलं, "की? की बोल्लो?" सान्यालबाबूंनी कानात सांगितलं. पिशिमा आधी "छि छि" म्हणाल्या, मग अशा हसायला लागल्या की कवळी सैल झाली. मधुवंतीने पाणी दिलं, तेही खाल्लं जाईना. जाताना सान्यालबाबू हळूच म्हणाले, "मिस्टर टिपणीश, 'किड्स' बोललेन तो... चलेगा?" मी ठणकावून सांगितलं, इंग्रजीची गरज नाही, आपल्याकडे शब्दांचा दुष्काळ पडलेला नाही.

आता वाईट. ते गेल्यावर आभा माझ्या खुर्चीजवळ येऊन उभी राहिली. "बाबा, तू बच्चे म्हणशील? प्लीज. नाहीतर शिशु म्हण."

"का?"

"असंच."

"असंच काय? बाल आपला शब्द आहे. मराठीत आहे, संस्कृतात आहे. लाज वाटते तुला?"

ती नाही म्हणाली असती तर बरं वाटलं असतं. नाही म्हणालीच नाही.

६ एप्रिल, सोमवार

मधले दिवस लिहिले नाहीत, कारण भाषणाचा मसुदा फोनवर लिहीत होतो. आज सकाळी मेट्रोत तो वाचायला फोन काढला, तर पडद्यावर निळा हत्ती. "नमस्कार बालमित्रा! चला, एबीसी शिकूया!" रखवाल्याने अपशब्दांच्या अतिवापराबद्दल माझा फोन लहान मुलांच्या कक्षात टाकला होता. काही केल्या हत्ती हटेना. दर दोन मिनिटांनी गाणं म्हणायचा. शेजारचा माणूस उठून दुसऱ्या जागी गेला. ऑफिसात साहेबांचा फोन आला तो मला घेता आला नाही. हत्तीने घेतला असावा.

जबाबदार प्रौढ क्रमांक एक मीच, आणि मीच कोंडलेला. घरी येऊन फोन मधुवंतीच्या हाती दिला. तिने आपल्या फोनवरून कुलूप उघडलं. जबाबदार प्रौढाला ॲप तो शब्द न झाकता दाखवतं म्हणे. तिने वाचला. मग बंगालीतला अर्थही त्याखाली दिला होता, तो वाचला. ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि दार लावून घेतलं. आतून कणकेची परात पडल्याचा आवाज आला.

मी दारावर टकटक केली. "काय शब्द आहे?"

"काही नाही हो." आवाज रडवेला. "सांगण्यासारखा नाही."

इतका घाणेरडा! माझ्या बायकोला रडू फुटावं इतका!

थोड्या वेळाने आभा आत गेली. मी पाणी घ्यायला म्हणून दाराशी गेलो (दक्षता ही चोवीस तासांची नोकरी आहे) आणि आभाचा आवाज ऐकला: "आई, शपथ घे. कार्यक्रम होईपर्यंत बाबाला सांगायचं नाही. काय वाट्टेल ते झालं तरी."

म्हणजे आभा. माझ्या फोनवरून शिव्या देणारी आभा. माझी आभा.

मी ओरडलो नाही. डॉक्टरांचं ऐकलं. कार्यक्रमापर्यंत तिचं इंटरनेट बंद केलं आणि फोन माझ्या कपाटात ठेवला. तिच्या मैत्रिणींचा ग्रुप त्यातच, निवेदनाची तयारीही त्यातच. म्हणालो, "खरं काय ते सांग, लगेच परत देतो."

तिने माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. "नाही सांगत," म्हणाली आणि वही घेऊन निवेदन आठवून हाताने उतरवायला बसली. ऋषभ मध्येच म्हणाला, "बाबा, दीदीने काहीच..." तिने त्याला असा चिमटा काढला की तो साबणवाल्याकडे परत गेला.

१२ एप्रिल, रविवार

मधुवंती आठवडाभर मला भाषण रद्द करायला सांगते आहे. कधी म्हणते घसा बसेल, कधी म्हणते ऊन आहे, कार्यक्रम संध्याकाळी असूनही. आज म्हणाली, "अहो, तिचा पहिला कार्यक्रम आहे. तिच्या मैत्रिणी असणार सगळ्या. तेवढी तिची लाज राखा."

"माझ्या भाषणाने तिची लाज जाईल?"

तिने पदराने तोंड पुसलं. हसत होती की काय, कळलं नाही.

मी आभाला शेवटचं विचारलं, "माझी ओळख तूच करून देणार ना?"

"हो."

"मराठी माणूस आहे, असं सांगायचं. लपवायचं नाही."

"नाही लपवणार, बाबा."

इतक्या हळू म्हणाली. मला वाटलं, लहानपणी हिला मीच बाराखडी शिकवली, 'ब' बाळाचा. आता तोच 'ब' तिला नकोसा झालाय. रक्तदाब मोजला नाही.

१५ एप्रिल, बुधवार

शुभ नबबर्ष! मंडपाखालून आत्ताच वर आलो. बिल्डिंगची सगळी माणसं, शेजारच्या दोन इमारतींचीही, लाल काठाच्या साड्या, वांगी तळल्याचा वास. आभाने मधुवंतीची नारायणपेठ नेसली होती. माइक हातात घेतला आणि ती माझी मुलगी राहिलीच नाही, रेडिओवरची बाईच वाटली. लोक मान डोलवत होते.

मग माझी पाळी. मी मंचावर चढलो तशी मागच्या रांगांतून खुसखुस सुरू झाली. मुलं एकमेकांना कोपरानं ढोसत होती. आभाने एकदा माझ्याकडे पाहिलं. हातातला कागद तिने घडी करून खाली ठेवला, आणि न वाचताच बोलायला लागली. कानावर पडलं तसं लिहितो:

"आमार बाबार भाषाय 'बाल' माने बाच्चा. आमिओ ताहोले बाल. जार जोतो हाशार आछे, एखोनि हेशे निन. तारपोर बाबा बोलबेन."

पुढेही एक वाक्य होतं, जरा दटावल्यासारखं. मला कळलं ते एवढंच: बाबा, भाषा, बाल. म्हणजे ओळख मुद्देसूद होती. बहुधा शेवटी एखादा विनोद असावा, कारण सगळा मंडप हसला. असा हसला की मंडपाचा एक खांब हलला. माझ्या मुलीला इतकं हसवता येतं हे मला माहीत नव्हतं. मीही हसलो. आभा एकटीच हसत नव्हती. माइक दोन्ही हातांत घट्ट धरून उभी होती, आणि तिचे कान लालभडक झाले होते. उकडत होतं फार.

मग पिशिमांनी काठी आपटली आणि सगळं चिडीचूप झालं.

मी बोललो. दहाची पंधरा मिनिटं झाली. "बाल कोमल होते हैं. बाल को खुला न छोड़ें. रात में आपके बाल क्या कर रहे हैं, इस पर नज़र रखिए. जिस घर में बाल प्रसन्न, वह घर प्रसन्न." एक माणूस हसला नाही. एक मूल चुळबुळलं नाही. कित्येकांनी रुमाल तोंडात धरले होते, सान्यालबाबूंचे खांदे थरथरत होते, पिशिमांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. इतका तन्मय श्रोतृवृंद मला दिल्लीतही मिळाला नाही. शेवटी टाळ्या थांबेनात.

आभाचा फोन परत दिला. प्रसन्न दिवशी कठोर राहवत नाही. चौकशी उद्या.

१६ एप्रिल, गुरुवार

चौकशी करावीच लागली नाही.

सकाळी मुलं शाळेत गेल्यावर चहा घेताना मधुवंतीला म्हणालो, "काल आभाने विनोद काय केला गं?"

तिने गॅस बंद केला. समोर येऊन बसली. "मी शपथ घेतली होती, कार्यक्रमापर्यंतची. आता झाला कार्यक्रम. अहो, बंगालीत बाल म्हणजे केस."

"मग? हिंदीतही केसच. त्यात काय एवढं?"

"डोक्यावरचे नव्हेत हो."

मला एकेक वाक्य आठवायला लागलं. परदेशी 'बुल' नाही, धूर्त शत्रू नाही, b*l लिहिणारा मीच. जोडणीवाल्याचा खोकला. आनंदाश्रू. 'अपने अपने बाल पर ध्यान दें.' देश का भविष्य. खुला न छोड़ें. रात में आपके... देवा रे. वायफायचं नाव महिनाभर डमडमच्या हवेत फिरतंय, आणि देवघरावरून.

"शिवी आहे ती," मधुवंती म्हणाली, "मुलं बोलली तर थोबाडीत बसते. म्हणून ऋषभ सांगत नव्हता."

"आणि आभा?"

"तुम्हाला कळलं तर तुम्ही लिफ्टमध्येसुद्धा पाऊल टाकणार नाही म्हणाली. बाबाला इतकी हौस आहे, त्याला करू दे म्हणाली." मग तिने कालचं वाक्य मराठीत सांगितलं, तसंच उतरवतो. "माझ्या बाबांच्या भाषेत बाल म्हणजे मूल. म्हणजे मीसुद्धा बालच. ज्याला जेवढं हसायचंय त्याने आत्ताच हसून घ्या. मग बाबा बोलतील. तेव्हा कुणी हसलं तर मी खाली उतरेन, आणि पुढचं निवेदन तुमचं तुम्ही करा."

सगळ्या मैत्रिणींसमोर, माइकवर, स्वतःला तो शब्द लावून घेतला पोरीने. आणि मी शेजारी उभा राहून हसलो.

तिला लाज वाटते म्हणत होतो मी. हे वाक्य लिहून मला राग आला, आणि तो कुणाचा आहे हे डॉक्टरांना सांगायची गरज नाही.

ऑफिसला गेलो नाही. लिफ्टमध्येही गेलो नाही.

१७ एप्रिल, शुक्रवार

आज शाळेतून आल्यावर आभाला समोर बसवलं. भाषण तयार केलं होतं, ते विसरलो. म्हणालो, "मला कळलं."

"आईने सांगितलं?"

"हो. तुझा फोन मी उगाच घेतला. माझं चुकलं."

ती पायाच्या अंगठ्याने फरशी घासत राहिली. "तू खूप छान बोललास पण," म्हणाली. "पिशिमा म्हणतात, साठ वर्षांत असं भाषण झालं नाही."

ते खरंच असावं. आम्ही दोघं आधी हसू दाबत होतो, मग दाबता येईना. ऋषभ धावत आला, "आता मी बोलू शकतो तो शब्द?" दोघांनी एकदम नाही म्हटलं.

"नाव बदलून टाकू वायफायचं," मी म्हणालो.

"नको. आता सगळ्यांना माहितीये त्याचा अर्थ. माझ्या मैत्रिणी आपल्या लहान भावांना बाल म्हणतात, मराठीतलं."

हे खोटं नाही. संध्याकाळी भीत भीत खाली उतरलो, तर पिशिमा अंगणात बसून ऋषभला हाक मारत होत्या, "एइ बाल, एदिके आय!" आणि त्यांच्या हातात नारळाचा लाडू होता. ऋषभ असा काही ऐटीत गेला, जसं काही पदक घ्यायला निघालाय. पिशिमा मला म्हणाल्या, बसा. सान्यालबाबूंनी खुर्ची दिली. चहा आला.

वर येऊन प्रकरण बंद केलं. रखवाल्याच्या नोंदीप्रमाणे महिनाभरात घरातले सगळे अपशब्द एकाच इसमाने वापरले. कायदा सर्वांना सारखा, म्हणून त्या इसमाचा फोन आठवडाभरासाठी मी स्वतः मुलांच्या कक्षात टाकला. हत्ती भेटला. ओळखीचा वाटला.

जबाबदार प्रौढाच्या जागेवरून माझं नाव काढलं आणि तिथे 'आभा' लिहिलं. ॲपने विचारलं, ही व्यक्ती प्रौढ आहे याची आपण खात्री देता का? मी 'हो' दाबलं.

मग पाणी खाल्लं आणि झोपलो.